मागच्या बाकावरून

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. या सत्रापासून विभागातल्या अकरा नव्या टीएंची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे ट्युटोरियलचे लहान सराव-वर्ग घेणारे आणि पेपर तपासणारे संशोधक विद्यार्थी) जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून बरं वाटलं, आणि पुढच्या वाक्याला हसूही आलं. पहिल्या दिवशी त्यांना काय काय सांगायचं याची यादी तुला हवी आहे. यादी माझ्याकडे होती. वर्षानुवर्षं मी ती दर सत्राला वाटायचे आणि दरवर्षी तिच्यात दोन-चार कलमं वाढायची. एका वर्षी ती छापायची राहून गेली, आणि कुणाला काही फरक पडला नाही. तेव्हापासून ती बंद. तेव्हा यादी मागू नकोस. लांबलचक पत्र चालत असेल तर पुढे वाच.

माझा ट्युटोरियलचा पहिला तास मला अजून लख्ख आठवतो, पण त्या आठवणीत विद्यार्थी कुठेच नाहीत. तीन रात्री जागून दहाच्या दहा गणितं सोडवून नेली होती. फळा दोनदा भरला, दोनदा पुसला. खडूचा कर्र आवाज आठवतो, घशाला पडलेली कोरड आठवते, मनगटावरचं घड्याळ आठवतं. समोर तीस-बत्तीस मुलं होती आणि त्यांतला एक चेहरा आठवत नाही. तास संपल्यावर एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या ओळीत हे ऋण चिन्ह कुठून आलं?" पहिल्या गणिताची दुसरी ओळ! म्हणजे पुढची पन्नास मिनिटं ती नुसतं उतरवून घेत होती. तिच्यासारखे आणखी किती होते ते मला आजही सांगता येणार नाही. मी बघितलंच नव्हतं.

नव्या टीएला विषय येत असतो. त्याशिवाय तो इथवर पोचलाच नसता. त्याची अडचण अशी की तासभर तो स्वतःकडेच बघत असतो. माझा आवाज कापतोय का, माझं चुकलं तर, हा मागचा मुलगा मला हसला का. तुझं काम एवढंच, की त्याची नजर तिथून उचलायची आणि समोरच्या वहीवर आणून ठेवायची. आणि सावध राहा, हीच गत पहिले काही आठवडे तुझीही होणार आहे. त्यांच्याशी बोलताना तुझं अर्धं लक्ष 'मी चांगली मार्गदर्शक वाटतेय ना' यातच असेल. माझं होतं. पुढे सांगते.

पहिल्या मीटिंगचं फार मनावर घेऊ नकोस. किल्ल्या कुणाकडे, हजेरी कुठे भरायची, गुण कधीपर्यंत द्यायचे, आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, एवढं एका कागदावर दे. त्या दिवशी सगळ्यांच्या पोटात गोळा असतो, कानात काही शिरत नाही. अध्यापनाची तत्त्वं वगैरे तर नकोच. नमनाला घडाभर तेल जाळण्यापेक्षा त्यांना टेबल वाजवायला लाव.

खरंच सांगते. एकाला सगळ्यांच्या ओठांवरचं एखादं गाणं मनात धरायला सांग आणि त्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांग. बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवण्याआधी त्याला विचारून ठेव, किती जण ओळखतील? एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली पीएचडीसाठी हा प्रयोग केला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खा वाद्यवृंद चालू असतो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक. प्रयोग झाला की त्यावर भाष्य करू नकोस. फक्त विचार, "तुम्ही फळ्यावर 'हे उघडच आहे' असं लिहिता तेव्हा समोरच्याला काय ऐकू येत असेल?" आणि मीटिंग संपव.

दुसरी मीटिंग मात्र नीट तयारीने घे. ती पेपर तपासण्याची. नव्या टीएकडून सगळ्यात जास्त अन्याय होतो तो शिकवण्यात नव्हे, तपासण्यात होतो, आणि तो कुणाला दिसतही नाही. मी काय करायचे ते सांगते. एका जुन्या उत्तरपत्रिकेतलं एकच उत्तर घ्यायचं, नाव खोडून त्याच्या प्रती काढायच्या, सगळ्यांना वाटायच्या. १० पैकी गुण द्या, एकमेकांशी बोलू नका. मग सगळे आकडे फळ्यावर.

माझं लाडकं उत्तर होतं सरळ वर फेकलेल्या चेंडूचं. तो किती उंच जाईल, आणि सर्वांत वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती, का? विद्यार्थ्याने उंची अगदी बरोबर काढली होती. सूत्र बरोबर, एकक बरोबर, खाली दोन रेघा. आणि त्याच्याच खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'वरच्या टोकाला चेंडू थांबतो, वेग शून्य होतो, म्हणून त्वरणही शून्य.' (त्वरण म्हणजे वेगातला बदल, आणि गुरुत्वाकर्षणामुळे तो वरच्या टोकालाही चालूच असतो.) एका वर्षी माझ्या फळ्यावर या उत्तराला ३ पासून ९ पर्यंत गुण पडले होते. सगळे हुशार, सगळे प्रामाणिक, सगळ्यांना विषय येणारा.

हे काही नवीन नाही. १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि इलियट या दोन अमेरिकी संशोधकांनी एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली होती. आधी इंग्रजीची. गुणांतली तफावत बघून लोक म्हणाले, भाषेचा पेपर आहे, असं होणारच. मग त्यांनी भूमितीची घेतली. तिथे तफावत आणखी वाढली. त्याच एका पेपरला कुणी १०० पैकी तीसच्याही खाली ठेवलं, तर कुणी नव्वदच्या वर चढवलं.

फळ्यावर आकडे पडले की वाद सुरू होतो आणि तू तो होऊ द्यावास. ९ देणारा म्हणतो, उत्तर बरोबर आहे, एका वाक्यासाठी किती कापणार? ३ देणारी म्हणते, ते एक वाक्यच तर सगळं सांगतंय, याला यातलं काही कळलेलं नाही, सूत्र पाठ आहे. अर्ध्या तासाने कुणीतरी विचारतंच, "पण हे १० गुण नक्की कशाचे होते?" तो प्रश्न तुझ्या तोंडून यायला नको, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवा. मग बस त्यांच्याबरोबर आणि गुण कशाकशाचे ते एका कागदावर उतरवा. प्रत्येक परीक्षेआधी, पेपर हातात पडायच्या आत.

बाकी तपासण्याच्या सवयी साध्या आहेत आणि त्या एकदाच सांगून भागतं. एक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासू नका, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. नावाचं पान उलटून ठेवा. गुण देण्याआधी आठ-दहा उत्तरं नुसती वाचा. पहिले पाच पेपर शेवटी पुन्हा काढून बघा, कारण पहिल्या पाचांना आपण कडक असतो आणि शेवटच्या पाचांना थकलेलो. गणित पहिल्या पायरीला चुकलं आणि पुढे त्या चुकीच्या आकड्याने सगळं रीतसर सोडवलं असेल तर त्या एका चुकीची शिक्षा पाच वेळा देऊ नका. आणि 'चूक' असा शेरा मारून पुढे जाऊ नका. 'इथपर्यंत ठीक, इथून पुढे वेग आणि वेगातला बदल यांची गल्लत झाली' असं लिहायला किती वेळ लागतो? लागतो, मान्य. सगळ्या पेपरांवर नाही जमणार. प्रत्येक पेपरावर एका जागी तरी लिहा.

या शेऱ्यांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं सुधारलं नाही, नुसते गुण मिळालेल्यांसारखंच राहिलं. आकडा दिसला की माणूस पुढचं वाचत नाही, आपण तरी कुठे वाचतो? शाळेतली मुलं वेगळी, विद्यापीठातली वेगळी, हे धरूनही मी पुढे एक गोष्ट करायला लागले. जमेल तेव्हा पेपर शेऱ्यांसकट आधी परत द्यायचे, गुण दोन दिवसांनी सांगायचे. मुलं कुरकुरतात. पण त्या दोन दिवसांत शेरा वाचून शंका विचारायला येणारी मुलं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तुमच्याकडे नियमात बसत असेल तर करून बघा.

आता वर्गात जाऊन बसण्याबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे. तुझ्या कामाचा खरा भाग हाच, आणि मी जास्तीत जास्त चुका केल्या त्याही इथेच.

माझ्याकडे एक मुलगा होता, अतिशय तयारीचा. त्याच्या दुसऱ्याच तासाला मी मागे जाऊन बसले. त्याने फळ्यावर एक चिन्ह उलटं लिहिलं आणि मी बसल्या जागेवरून म्हणाले, "उणे हवं तिथे." मला वाटलं, मदत केली. त्याने थँक्यू म्हणून दुरुस्त केलं. पण त्या क्षणापासून वर्गातली मुलं, तो काही बोलला की मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, बरोबर आहे ना? पुढचे चार तास मी गेले नाही तरी, त्याने सांगितलेलं खरं की काय म्हणून मुलं माझ्या खोलीवर यायची. एका चिन्हासाठी मी त्याचा वर्ग त्याच्या हातून काढून घेतला होता. चूक तशीच राहिली असती तरी दहा मिनिटांत एखाद्या मुलीने दाखवली असती, किंवा त्यालाच उत्तर जुळेना म्हणून सापडली असती, आणि सगळ्यांदेखत स्वतःची चूक शोधणारा शिक्षक मुलांना बघायला मिळाला असता. तेव्हा वर्गात तोंड उघडायचं नाही. अगदी विचारलं तरी, "तुम्हीच बघा" म्हणायचं. शिकवताना काही धडधडीत चुकीचं गेलंच तर तास संपल्यावर त्याला सांग, पुढच्या तासाच्या सुरुवातीला तोच दुरुस्त करेल.

जाण्याआधी त्याला विचार, "मी काय बघू?" ठरवूनच जा. 'सगळंच बघा' म्हणाला तर तू एक गोष्ट सुचव. अचानक धाड घालू नकोस. मागच्या बाकावर कोपऱ्यात बस, तिथून फळा कमी आणि वह्या जास्त दिसतात. आणि लिही. मतं नको लिहूस, घडलं ते लिही. किती वाजता प्रश्न विचारला, कोण बोललं, कोण कुठे बसलंय त्याचा कच्चा नकाशा, त्यावर बोलणाऱ्याच्या जागी खूण. तासाच्या शेवटी त्या नकाशावर सगळ्या खुणा पहिल्या दोन बाकांवर दिसल्या की तुला काही सांगावं लागत नाही, कागद पुढे सरकवला की झालं.

सेकंदही मोज. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. मग स्वतःच उत्तर देत, किंवा दुसरा प्रश्न टाकत. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, 'माहीत नाही' कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. फळ्यापाशी उभं राहून बघ. वर्गात अळीमिळी गुपचिळी असताना तीन सेकंद म्हणजे युग असतं. नव्या टीएला ती शांतता आपल्या अपयशाची वाटते म्हणून तो ती घाईने भरून काढतो. त्याला सांग, प्रश्न विचार आणि खडू खाली ठेव. खडू ठेवून पुन्हा उचलेपर्यंत आपोआप थांबायला होतं. मला ही युक्ती कुणी शिकवली ते आठवत नाही, पण ती लागू पडते.

आणि एक प्रश्न मात्र त्यांच्या तोंडातून कायमचा काढून टाक. "समजलं का?" याला नंदीबैलासारख्या तीस माना डोलतात आणि त्यातून काडीचीही माहिती मिळत नाही. ज्याला समजलेलं नसतं त्याला बहुधा आपल्याला समजलेलं नाही हेच समजलेलं नसतं. त्याऐवजी, "पुढची ओळ काय येईल ती वहीत लिहा," म्हणायचं आणि बाकांमधून एक फेरी मारायची. दोन मिनिटांची फेरी. तीस वह्यांवरून नुसती नजर गेली तरी कळतं, गाडी कुठे अडली आहे.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची गोष्ट इथे त्यांना सांगायला हरकत नाही. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेत मुलं अवघड गणितं सोडवत. मग त्यांनी एकदा बलाविषयीचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलं तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? त्या एका प्रश्नात सगळं आलं. चेंडूचं त्वरण शून्य लिहिणारा माझा तो विद्यार्थी त्याच जातीचा, उंची शिकवलेल्या डोक्याने काढली, वाक्य स्वतःच्या डोक्याने लिहिलं. मझूर १९९१ पासून वर्गातच प्रश्न टाकायला लागले. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ट्युटोरियलसारख्या लहान वर्गात तर हे फारच सोपं आहे, आणि नव्या टीएला त्याचा एक छुपा फायदा असतो. मुलं आपसात बोलत असताना त्याला श्वास घ्यायला आणि कान द्यायला मोकळीक मिळते.

तास संपल्यावर त्याच दिवशी भेट. शक्यतो तासाभरात. आधी त्याला बोलू दे. "तुला कसा वाटला तास?" यावर बहुतेक जण स्वतःला झोडपून घेतात, ते ऐकून घे, लगेच 'नाही नाही, छान होतं' म्हणू नकोस. मग तुझी टिपणं दाखव. आणि मग एकच गोष्ट. एकच. मी एका मुलीला एकदा दोन पानं भरून सूचना दिल्या होत्या, अक्षरापासून उभं राहण्यापर्यंत. एकूण एक सूचना बरोबर होती. पुढच्या तासाला ती इतकी जपून उभी होती की तिला विषयच सुचेना. ती दोन पानं मी तिच्यासाठी लिहिली असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर मला किती दिसतं ते दाखवायला लिहिली होती.

'मला येत नाही' हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घे. अक्षरशः सराव करून घे, मीटिंगमध्ये, एकमेकांसमोर. "आत्ता मला नक्की सांगता येत नाही, बघून पुढच्या तासाला सांगतो." आणि पुढच्या तासाला पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे. मुलं अज्ञान सहज विसरतात, थापा विसरत नाहीत. तुलाही अकरा जण असं काही विचारतील जे तुला येत नसेल. तेव्हा तू काय करतेस ते ते बघत असणार.

काही गोष्टी झरझर सांगते. गुणांची तक्रार घेऊन कुणी आलं तर जागेवर गुण बदलायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत आणि नाकारायचेही नाहीत. काय पटलं नाही ते लिहून द्यायला सांगायचं, दुसऱ्या दिवशी शांतपणे बघायचं. कॉपीचा संशय आला तर टीएने एकट्याने चौकशी करू नये, कागद जपून ठेवावेत आणि विषयाच्या प्राध्यापकांकडे जावं. विद्यार्थ्यांच्या आणि टीएच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर असतं, मैत्री होतेच. पण ज्याचे पेपर आपल्या हातात आहेत त्याच्याशी त्या सत्रापुरतं अंतर ठेवावं लागतं, आणि हे कानावर घालायचं काम तुझं, नंतर निस्तरण्यापेक्षा आधी. रात्री एक वाजता आलेल्या मेसेजला रात्री एक वाजता उत्तर द्यायचं नाही. एकदा दिलं की ती रीत होऊन बसते. आणि एखादा विद्यार्थी रडत आला, काही भलतंसलतं बोलायला लागला, तर टीएने समुपदेशक व्हायचं नाही. त्याला एकटं सोडायचंही नाही. विद्यापीठात अशा वेळी कुणाकडे न्यायचं ते नाव आणि ती खोली अकराही जणांना पहिल्या आठवड्यात माहीत असू दे. नुसती सांगून नाही, एकदा तिथवर चालत घेऊन जा.

वेळेचं दुखणं मोठं आहे. पहिल्या सत्रात एका तासाच्या ट्युटोरियलला आठ-आठ तास तयारी करणारे मी पाहिलेत. त्यात कर्तव्यबुद्धी थोडी आणि भीती जास्त. मग संशोधन मागे पडतं, गाईडच्या कपाळावर आठ्या येतात, आणि पोर दोन्हीकडून कानकोंडं होतं. पहिले दोन आठवडे प्रत्येकाला तयारीचे, तपासण्याचे, शंका सोडवण्याचे तास लिहून ठेवायला सांग. तयारी जास्त होत असेल तर ती तू कमी करवून घेऊ शकतेस, दहा गणितांऐवजी चार निवड, त्यांतल्या दोनांत मुलं कुठे अडतील तेवढंच ठरव. पण कामच जास्त असेल, एकाच्या गळ्यात दीडशे पेपर आणि मुदत तीन दिवसांची, तर विषयाच्या प्राध्यापकांकडे तू जा. त्याला पाठवू नकोस. नव्या टीएला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचा पुढचा सगळा रस्ता याच लोकांच्या दारावरून जातो. मधल्या माणसाला थोडं वाईट व्हावं लागतं. कुणी शाबासकी देत नाही, पण तुला त्या खुर्चीवर बसवण्याचं हेही एक कारण आहे, कुणी बोलून दाखवलं नसलं तरी.

सत्राच्या शेवटी विद्यार्थी टीएंचं मूल्यमापन करतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोऱ्या चिठ्ठ्या वाटायला लाव. नाव नको. दोनच प्रश्न: कशाने शिकायला मदत होते, काय बदललं तर बरं होईल. चिठ्ठ्या तुम्ही दोघांनी मिळून वाचा, एकट्याला वाचू देऊ नकोस, कारण तीसांतल्या अठ्ठावीस चांगल्या चिठ्ठ्या विसरून तो उरलेल्या दोन रात्रभर पाठ करेल. आणि चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवायचा असंही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन वर्गातल्या एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन सहायक शिक्षकांनी प्रत्येकी एका गटाला स्वतःच्या नावाने आणि एका गटाला दुसऱ्याच्या नावाने शिकवलं. चेहरा दिसत नव्हता. शिकवणारं माणूस कुणीही असो, पुरुषाचं नाव ज्या गटांना सांगितलं होतं त्यांनी जास्त गुण दिले. विद्यार्थी जेमतेम चाळीस-पंचेचाळीस होते, त्यावरून जग ठरवू नये. पण तुझ्या अकरांतल्या एखाद्या मुलीच्या चिठ्ठीवर 'फार कडक बोलते' असं आलं, आणि तसंच बोलणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीवर 'आत्मविश्वास आहे' असं आलं, तर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून तिला दाखव.

आता जे सांगायचं टाळत होते ते. माझ्याकडे एका सत्रात एक टीए होता, ज्याच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. मीटिंगला वेळेवर, गुण वेळेवर, हजेरीचे तक्ते स्वच्छ. मी इतरांच्या आगी विझवण्यात गुंतले होते, याचं बरं चाललंय म्हणून त्याच्या वर्गात एकदाही गेले नाही. सत्र संपल्यावर गुणांची यादी एकत्र करताना त्याच्या गटाचा रकाना पाहिला. ८, ८, ८, ७, ८, ८. तीस जणांत ६ च्या खाली कुणी नाही आणि ८ च्या वरही कुणी नाही. त्याला बोलावलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मॅडम, कुणी भांडायला येऊ नये म्हणून." चार महिने तो घाबरलेला होता, आणि त्याच्या वर्गातली चेंडूचं त्वरण शून्य लिहिणारी सगळी मुलं ८ गुण घेऊन पुढच्या वर्गात गेली. त्याला बोल लावायचा मला काय हक्क होता? तक्रार येत नाही म्हणून मी खूश होते, तोही त्याचसाठी ८ देत होता. दोघांचं एकच चाललं होतं.

तेव्हा आठवड्याला प्रत्येकाच्या गुणांच्या रकान्यावरून एक नजर टाक. आणि तुझ्या खोलीवर जे येतात त्यांच्यात रमून जाऊ नकोस. तीन आठवड्यांत कोण एकदाही आलं नाही ते वहीत लिही आणि त्याच्या तासाला आधी जा.

एवढं सगळं वाचूनही पहिल्या महिन्यात तू भरपूर बोलशील आणि कमी बघशील, याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणून तुझ्या तिसऱ्या-चौथ्या मीटिंगला मला बोलाव. मी मागे बसेन, तोंड उघडणार नाही. मी काय बघायचं तेवढं आदल्या दिवशी कळव.